उन्हाळ्यातल्या सरींसाठी जॅकेट घेताना

वाचकाचं पत्र

ताई, मी रोज पंचवीस-तीस मिनिटं चालत कामाला जाते. पाठीवर बॅग असते, त्यात लॅपटॉप. उन्हाळ्यात कधी मध्येच सर येते आणि सगळी तारांबळ उडते. गेल्या वर्षी वॉटरप्रूफ म्हणून एक हलकं जॅकेट घेतलं. पण कामावर पोचेपर्यंत आतला शर्ट ओलाचिंब, अगदी बाह्यांसकट. म्हणजे ते गळतंच असणार. आता पुन्हा पैसे वाया घालवायचे नाहीत. मी तीन जॅकेटं बघून ठेवली आहेत. पहिलं अगदी पातळ विंडचीटर, घडी केली की मुठीत मावतं. दुसरं मधल्या किमतीचं, आत जाळीचं अस्तर, लेबलवर १०,००० मिलिमीटर लिहिलंय. तिसरं नावाजलेल्या मेंब्रेनचं, म्हणजे आत पातळ पडदा असलेलं, दुसऱ्याच्या चौपट महाग. दुकानदार म्हणतो, तिसऱ्यात घामच येणार नाही. खरं असेल तर मी थोडे महिने थांबून पैसे साठवीन. काय करू?
– एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तिसऱ्या जॅकेटसाठी पैसे साठवू नका. ते चांगलंच असेल, पण त्याचा जो खरा गुण आहे तो तुमच्या ऋतूत तुमच्या वाट्याला फारसा येणार नाही. दुसरं घ्या, मात्र पुढे सांगते त्या गोष्टी त्यात आहेत की नाहीत हे हातात घेऊन बघा. आणि तेही घेण्याआधी जुन्या जॅकेटची एकदा नीट तपासणी करा, कारण तुमचं वर्णन वाचून मला ते गळत असेल असं वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय की शर्ट बाह्यांसकट भिजतो. गळणारं जॅकेट असं सगळीकडून सारखं भिजवत नाही. ते ठरावीक जागी दगा देतं: खांद्याच्या शिवणीवर ओली रेघ उमटते, चेनच्या मागे छातीवर उभा पट्टा ओला होतो, बॅगेच्या पट्ट्याखाली डाग पडतो, नाहीतर टोपीतून मानेवर पाणी उतरतं. पाठ, काखा, कोपराच्या आतली बाजू असं सगळं दमट आणि चिकट झालं असेल, तर ते पाणी बहुधा तुमचंच आहे. घाम आत अडकला, थंड कापडाला लागून त्याचे थेंब झाले आणि ते शर्टात मुरले.

खात्री करून घेणं सोपं आहे. एका वाडग्यात कोरडा टिश्यू पेपर पसरा. त्यावर जॅकेटची पाठ, बाहेरची बाजू वर ठेवून, खोलगट पसरा आणि खोलग्यात पेलाभर पाणी ओता. दहा मिनिटं थांबा. कागद कोरडा राहिला तर कापड ठीक आहे. मग तेच खांद्याच्या शिवणीवर करा, आणि पाणी असतानाच शिवण अंगठ्याने मिनिटभर दाबून धरा, म्हणजे बॅगेच्या पट्ट्याचा दाबही धरला जाईल. शेवटी चेनवर करा. कागदावर कुठे ठिपका उमटतो ते बघा. सगळीकडे कागद कोरडा राहिला, तर तुमचं जॅकेट पाऊस अडवतंय. अडचण आतल्या वाफेची आहे.

म्हणून आता त्या वाफेबद्दल जरा सविस्तर सांगते. जॅकेटवरचा सगळा खर्च आणि सगळ्या जाहिराती शेवटी इथेच येऊन ठेपतात.

पाणी अडवणं हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच सुटला होता. चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याचं पेटंट घेतलं. त्या कापडातून पाऊस आत येईना, पण घामही बाहेर जाईना. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पीटीएफई नावाचं प्लास्टिक झटक्यात ताणून त्याचा अतिशय बारीक छिद्रांचा पडदा तयार केला. पाण्याचा थेंब त्यातून आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. तुमच्या तिसऱ्या पर्यायातलं मेंब्रेन याच किंवा अशाच जातीचं असणार. हा शोध मोठाच आहे, त्यात वाद नाही.

पण वाफ त्या पडद्यातून आपण होऊन बाहेर पडत नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेरच्या बाजूला सरकते. आता आकडे बघा. अंगालगतची हवा साधारण ३४ अंशांवर वाफेने पूर्ण भरली, तर वाफेचा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल होतो. बाहेर १० अंशांचा थंड पाऊस असेल, तर हवा कितीही दमट असली तरी हा दाब जेमतेम १.२ असतो. फरक चारच्या वर गेला, वाफ भराभर निघते. पण बाहेर २८ अंश आणि पाऊस असेल तर बाहेरचाच दाब ३.८ च्या आसपास पोचतो. फरक उरला दीड. म्हणजे तेच महागडं मेंब्रेन थंडीत ज्या जोराने काम करतं, त्याच्या निम्म्याहूनही कमी जोर त्याला उन्हाळ्यात मिळतो. बाहेरचं कापड भिजून जड झालं की तेवढाही राहत नाही. थंड डोंगरावर चढणाऱ्या माणसाला मी त्या जॅकेटची शिफारस मनापासून करेन. गरम दिवसात झपझप चालत कामाला जाणाऱ्या तुम्हाला नाही करणार.

दुकानदाराचं ‘घामच येणार नाही’ हे तर सोडूनच द्या. घाम शरीराला येतो, तो थांबवणं कुठल्याच कापडाच्या हातात नाही.

उन्हाळ्यात वाफ बाहेर काढण्याचा खरा भरवशाचा मार्ग म्हणजे हवा खेळती ठेवणं. त्यासाठी पडद्यापेक्षा जॅकेटचा बेत, म्हणजे ते कसं कापलं-शिवलंय ते, महत्त्वाचं, आणि सुदैवाने चांगल्या बेताला चौपट पैसे पडत नाहीत. सगळ्यात आधी काखेतली चेन शोधा. काखेखालून कमरेकडे उघडणारी ही चेन असेल तर पाऊस चालू असतानाही ती उघडी ठेवता येते, कारण वरून हात असतो. तुमच्या दुसऱ्या जॅकेटला ती असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर पाठीवर, खांद्यांच्या जरा खाली, आडव्या झडपेखाली जाळी आहे का बघा. मात्र तुमच्या पाठीवर बॅग असते, त्यामुळे ती जाळी बॅगेखाली दाबली जाईल. तुमच्यासाठी काखेतली चेनच उपयोगाची.

मग माप. हलक्या जॅकेटांच्या बाबतीत बरेच जण अंगाबरोबर बसणारं घेतात, कारण आरशात ते बरं दिसतं. तुम्ही सैल घ्या. कापड अंगाला चिकटलं की मधली हवा संपते आणि वाफेला जायला वाट राहत नाही. खालची कड कमरेपाशी इलॅस्टिकने आवळलेली नको. साधी दोरी असावी, हवी तेव्हा ओढता येईल आणि एरवी मोकळी सोडता येईल. बाहीच्या तोंडाशी वेल्क्रोची पट्टी असेल तर ती सैल करून बाही कोपरापर्यंत सारता येते. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उघडा राहिला तरी अंगाला केवढा आराम पडतो ते एकदा करून बघा.

अस्तराबद्दल माझं मत ठाम आहे. उन्हाळ्यात अर्ध्या बाहीच्या कपड्यांवर घालायचं असेल तर आतून नुसता पाणी अडवणारा लेप असलेलं पातळ जॅकेट घेऊ नये. असा लेप उघड्या दंडाला लागला की ओलं प्लास्टिक चिकटल्यासारखं होतं, मग भले आत फार घाम नसो. जाळीचं अस्तर थोडं जड असतं, वाळायला वेळ घेतं, घडीही मोठी होते, पण ते लेपाला कातडीपासून दूर ठेवतं आणि मध्ये हवेला जागा देतं. रोजच्या वापरात हा सौदा मला पटतो. तुमचं पहिलं, मुठीत मावणारं विंडचीटर इथेच मागे पडतं, शिवाय त्याच्या शिवणी बहुधा बंद केलेल्या नसतात. वारा आणि भुरभुर यांपुरतं ते छान. अर्धा तास लागून राहिलेल्या पावसात त्याच्यावर विसंबू नका.

शिवणींचं महत्त्व दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही, म्हणून मी सांगते. कापड कितीही पक्कं असलं तरी सुई जिथून गेली तिथे भोक पडलेलंच असतं, आणि एका शिवणीत अशी शेकडो भोकं असतात. ती बंद करायला आतून गरम करून एक पट्टी चिकटवतात. जॅकेट उलटं करा. जाळीचं अस्तर आडवं येत असेल तर ते खालून उचलून आत बघा. प्रत्येक शिवणीवर साधारण बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी दिसायला हवी: खांदा, बाजू, बाही, टोपी, सगळीकडे. काही जॅकेटांत फक्त खांद्यांवर आणि टोपीवर पट्टी असते, बाकी शिवणी उघड्या सोडलेल्या असतात. लेबलवर कापडाचा आकडा मात्र तोच मोठा छापलेला असतो. काखेत चार शिवणी एकत्र येतात, तिथे विशेष लक्ष द्या. तिथली पट्टी सुरकुतलेली किंवा टोकाला उचललेली असेल तर ते जॅकेट परत ठेवा. पट्टी सोलायला तिथूनच सुरुवात होते.

आता तो १०,००० चा आकडा. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात आणि किती उंचीला पाणी आत झिरपतं ते मोजतात. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा दाब. पावसाच्या थेंबाचा दाब याच्या जवळपासही जात नाही. युरोपात पावसात काम करणाऱ्यांच्या कपड्यांसाठी ईएन ३४३ हे मानक आहे. त्याच्या २०१९ च्या आवृत्तीत पाणी अडवण्याचा सगळ्यात वरचा वर्ग २०,००० पास्कलला मिळतो, म्हणजे साधारण २ मीटर पाणी. वापराने आणि धुण्याने आकडा घसरतो, बॅगेच्या पट्ट्याखाली दाब वाढतो, म्हणून हाताशी थोडं जास्त असावं हे खरं. तरी तुमच्या चालण्याला ५,००० ते १०,००० पुरेसं आहे. २०,००० मिलिमीटरसाठी जादा पैसे मोजू नका.

दुसरा एक आकडा ग्रॅममध्ये असतो: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती वाफ बाहेर जाते त्याचा. त्यावर मात्र निर्णय ठरवू नका. हा आकडा काढण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि तेच कापड एका पद्धतीत दुसरीच्या कितीतरी पट चांगलं दिसू शकतं. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही.

टोपी अंगावर घालूनच तपासा. डोक्यावर घ्या, दोऱ्या आवळा आणि डावीकडे-उजवीकडे बघा. टोपी डोक्याबरोबर वळली पाहिजे. ती जागच्या जागी राहिली आणि तुम्हाला टोपीची आतली बाजूच दिसली, तर रस्ता ओलांडताना गाडी दिसणार नाही. हे गैरसोयीपुरतं नाही, जिवाशी गाठ आहे. पुढची कड थोडी ताठ हवी, म्हणजे पाणी कपाळावर न येता पुढे पडतं. चष्मा असेल तर तिचं मोल दुप्पट.

पुढची चेन साधी असली तरी हरकत नाही, फक्त तिच्यावर कापडाची झडप असावी आणि ती वेल्क्रोने किंवा बटणांनी बसावी. रबर चढवलेली चेन दिसायला नीटस असते, पण ती जड चालते, घडीच्या जागी तिचा थर उकलतो, आणि बिघडली तर बदलायला त्रास. झडपेखालची साधी चेन कुठलाही शिंपी बदलून देतो. झडपेचा आणखी एक फायदा: सर ओसरली की चेन उघडी ठेवून नुसती झडप लावता येते, आत हवा येते.

बॅगेचं मात्र नीट ठरवा. पाठीवर बॅग असली की पाठीचा सगळा भाग वाफेसाठी बंद होतो, आणि पट्टे खांद्यावरच्या लेपाला घासत राहतात. सर आली असताना जॅकेटवरून बॅग घालता तेव्हा बॅग भिजतेच, म्हणून लॅपटॉपसाठी बॅगेचं वेगळं आवरण घ्या. ते स्वस्त असतं आणि त्याला वाफेची भानगड नाही. बॅगेवरून घालायचा सैल पाँचो हाही पर्याय आहे. तो खालून पूर्ण मोकळा असल्याने हवा उत्तम खेळते. फक्त वाऱ्यात तो उडतो आणि गर्दीत अडकतो. वारा नसेल तर खरं सांगू का, गरम दिवसातल्या पावसाला छत्रीइतकं हवेशीर काहीच नाही. जॅकेट घेतलं म्हणून छत्री घरी ठेवायलाच हवी असं नाही.

आता थोडं निगेबद्दल. जॅकेटचं आयुष्य आणि तुमचे पैसे, दोन्ही यावर अवलंबून आहेत. नव्या जॅकेटवर पाण्याचे थेंब मण्यांसारखे घरंगळतात ते बाहेरच्या कापडावरच्या एका वेगळ्या थरामुळे. हा थर झिजला किंवा मळला की बाहेरचं कापड पाणी पितं, गडद आणि जड होतं. पाणी आत येत नाही, तरी आत गार आणि दमट वाटतं, आणि लोक समजतात जॅकेट गळायला लागलं. पूर्वी हे थर सर्रास पीएफएएस गटातल्या रसायनांचे असत. ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क या राज्यांत १ जानेवारी २०२५ पासून नव्या कपड्यांत ती मुद्दाम वापरण्यावर, काही अपवाद सोडून, बंदी आली आहे, आणि अनेक कंपन्यांनी ती सोडून दिली आहेत. तुम्हीही त्यांच्याविना केलेलं जॅकेट मिळालं तर तेच घ्या. एवढंच लक्षात ठेवा की नवे थर पाणी अडवतात, पण तेलकटपणा तितका अडवत नाहीत. उन्हाळ्यात मानेला सनस्क्रीन लावलेलं असतं, घाम असतो. कॉलरच्या आतली बाजू आणि टोपीची कड आधी मळते आणि पाणी प्यायला तिथूनच सुरुवात होते.

म्हणून जॅकेट धुवायला घाबरू नका. न धुतल्यानेच ते लवकर खराब होतं. सौम्य द्रव साबण, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळणं. वाळल्यावर, लेबल परवानगी देत असेल तर, ड्रायरमध्ये मंद आचेवर थोडा वेळ किंवा वर पातळ कापड ठेवून अगदी कोमट इस्त्री. उष्णतेने तो थर पुन्हा जागेवर येतो आणि थेंब पुन्हा घरंगळायला लागतात. त्यानेही जमलं नाही तर वरून मारायचा स्प्रे मिळतो. जुन्या जॅकेटवर हे सगळं आधी करून बघा.

एक सवय मात्र आजपासून सोडा, असेल तर. ओलं जॅकेट गोळा करून बॅगेत कोंबून रात्रभर ठेवू नका. स्वस्त जॅकेटांचा आतला लेप बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा असतो, आणि दमट उष्णतेत तो हळूहळू विघटित होतो. आधी आंबूस वास येतो, मग आतली बाजू बोटाला चिकटते, शेवटी पापुद्रे सुटतात. त्यावर इलाज नाही. घरी आल्यावर चेन उघडून सावलीत टांगा, बस.

हे माहीत असेल तर पैसे वाचवायचा एक रस्ता खुला होतो. कोणाचं वापरलेलं चांगलं जॅकेट मिळत असेल तर आत हात फिरवा, वास घ्या, काखेतल्या पट्ट्या बघा. चिकटपणा नाही, वास नाही, पापुद्रे नाहीत, तर निःशंक घ्या. गेल्या वर्षीच्या रंगातलं न विकलेलं जॅकेटही स्वस्तात जातं, आणि त्यात उणं काहीच नसतं. रंग फिका किंवा भडक असला तर उलट बरं. ढगाळलेल्या अंधारात गाडीवाल्यांना तुम्ही दिसाल आणि सर थांबून ऊन पडलं तर कापड कमी तापेल.

आता तुमच्या तिघांतलं दुसरं. त्याला काखेत चेन आणि सगळ्या शिवणींवर पट्टी असेल तर घेऊन टाका. पट्टी पूर्ण आहे पण काखेत चेन नाही, तर एक माप मोठं बघा आणि चालताना पुढची चेन छातीपर्यंत उघडी ठेवून झडप लावून बघा. तेवढ्याने भागेल असं वाटलं तर घ्या. पट्टी अर्धवट असेल तर सोडा. वाडग्याच्या परीक्षेत जुनं जॅकेट पास झालं आणि ते सैल असेल, तर या वर्षी नुसतं धुऊन, गरम करून तेच वापरा, आणि पैसे बॅगेच्या आवरणावर खर्च करा.

त्यानंतरही कामावर पोचाल तेव्हा अंग थोडं ओलसर असेलच. अर्धा तास भरभर चालून, तेही उबदार पावसात, पूर्ण कोरडं राहणं शक्य नाही. आत सैल, पातळ, लवकर वाळणारा शर्ट घाला, जाड सुती नको. एक कोरडा शर्ट बॅगेत ठेवा. दुकानात जाताना रोजची बॅग लॅपटॉपसकट पाठीवर घेऊन जा, जॅकेट चढवून त्यावर ती अडकवा आणि दोन्ही हात वर करून बघा. खालची कड पोटाच्या वर सरकली, तर एक माप मोठं मागा.

तुमची,
ताई